जेवढी हाक, तेवढंच

६ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची! नागासाकीहून तीन गाड्या बदलल्या आणि शेवटी पिवळी बस. तिच्यात ड्रायव्हर, मी आणि कोबीच्या दोन पेट्या. थांब्यावर कार्यशाळा चालवणारे ओगुशी-सान माझ्या नावाची पाटी धरून उभे होते. उतरणारी मी एकटी, तरी त्यांनी पाटी खाली केली नाही. मी समोर जाऊन वाकून नमस्कार केला, तेव्हा पाटीवरचं नाव आणि मी असं दोनदा ताडून पाहिलं. मला हसू आवरेना.

कार्यशाळा म्हणजे गावची जुनी प्राथमिक शाळा आहे. मुलंच उरली नाहीत म्हणून नऊ वर्षांपूर्वी बंद झाली. हात धुवायचे नळ माझ्या गुडघ्याशी येतात. चपला ठेवायच्या फळीवर पहिलीच्या वर्गातला कोनाडा मला मिळाला, त्यावर नवी कोरी चिठ्ठी: इसोझाकी सेत्सुको. चौसष्टाव्या वर्षी पुन्हा पहिलीत.

राहायला शाळेमागचं मास्तरांचं घर आहे. दोन खोल्या, लाकडी पडवी, अंगणात काकी या गोड फळाचं झाड. पानं गळलीत आणि नारिंगी फळं मात्र लगडलेली. झाडाखाली एक विहीर आहे, सिमेंटच्या झाकणाने बंद केलेली, वर भलामोठा दगड. आता नळ आहे, तिचं काम संपलं असावं.

रोजनिशीची सवय लहानपणी शाळेतल्या सिस्टर मारी-अग्नेसनी लावली. दर शनिवारी वह्या तपासत. म्हणत, मुलींनो, माणसांशी खोटं बोललात तर पाप लागेल, पण वहीशी खोटं बोललात तर वेड लागेल. म्हणून सारं खरं लिहीन.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज काम समजलं. गेलेल्या माणसाचा जुना कॉम्प्युटर घरात पडून राहतो. टाकवत नाही आणि ठेवून उपयोग नाही. आत फोटो, पत्रं, कोणाकोणाशी काय बोलणं झालं ते. लोकांना वाटतं, नुसतं ‘डिलीट’ केलं की गेलं. ओगुशी-सान म्हणाले, तसं नसतं. ते म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखं, पानं तिथेच असतात. पानन् पान पुन्हा लिहून काढावं लागतं, तेव्हा खालचं पुसतं. म्हणून लोक दूरदूरून आमच्याकडे पाठवतात. आम्ही कॉम्प्युटर उघडतो आणि आतली हार्ड डिस्क काढतो. वहीएवढीही नाही, पण हातात घेतली की वजन जाणवतं.

मला नोकरी मिळाली ती कानामुळे. सदतीस वर्षं मिशनच्या शाळेत ऑर्गन वाजवला, शिकवला. इथे डिस्क सुरू करायची, स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. काही डिस्क एका सुरात गुणगुणतात, त्या चांगल्या. काही टकटक करतात, त्या मरणपंथाला लागलेल्या. काही मुक्याच. मुक्या आणि टकटक्यांना यंत्राखाली चार भोकं पाडून वितळवायला पाठवतात. गाणाऱ्या पुसून पुन्हा वापरतात: गावच्या दवाखान्यात, वाचनालयात, वृद्धमंडळाच्या खोलीत. ओगुशी-सान म्हणाले, यंत्राने तपासायला चाळीस मिनिटं लागतात, तुम्हाला चार सेकंद. फार बरं वाटलं.

पुसायची रीत ऐकून तर माझे डोळेच भरून आले. एका पेटीत डिस्कसाठी सहा खण आहेत. प्रत्येक खणाची पडद्यावर एक चौकट. तिच्यात जो शब्द टाकू, तो डिस्कच्या पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत पुन्हा पुन्हा लिहिला जातो, कोट्यवधी वेळा. दुसरीकडे नुसती शून्यं लिहितात. इथे लिहितात, ‘नामु अमिदा बुत्सु’, अमिताभ बुद्धाला नमस्कार. माणसाचं सगळं आयुष्य नामस्मरणाखाली झाकून टाकायचं. मी येशूच्या घरची, तरी हात आपोआप जोडले गेले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कार्यशाळेतल्या हिसाए-सानबद्दल लिहायला हवं. वय अठ्ठ्याहत्तर, उंची चौथीतल्या मुलीएवढी, जीभ त्याहून दुप्पट. मी जेवणाआधी क्रुसाची खूण करते ते पाहून मला ‘सिस्टर’ म्हणते. आज म्हणाली, “काय गं सिस्टर, तुझ्या देवाला मुळ्याचं लोणचं चालतं ना? नाहीतर दे इकडे.” आणि घेतलंच.

एक तिचं मला खटकतं. डिस्कबरोबर घरच्यांनी भरलेला कागद येतो, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव असतं. ती कुंचला घेऊन बसते आणि आधी ते नाव शाईने काळं करते, मग नंबर घालते. मी म्हटलं, बिचाऱ्यांचं तेवढं नाव तरी राहू द्यावं. ती म्हणाली, “तुला काय करायचंय? नंबर वाच नंबर. मेल्यावर भिक्षूने नवं नाव दिलंय ना त्यांना? मग जुन्याशी आपला काय संबंध!” ओगुशी-सान हसले. म्हणाले, इथल्या म्हाताऱ्यांच्या समजुती आहेत, चालायचंच.

संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या कर्ण्यांतून एक जुनं बालगीत वाजतं. सगळा डोंगर ऐकतो. मग सूचना होतात: अस्वल दिसलं, कचऱ्याचा दिवस बदलला, अमक्यांचे आजोबा घर चुकले, कोणाला दिसल्यास कळवावं. आज ते आजोबा पाच मिनिटांत सापडले. स्वतःच स्वतःचं नाव ऐकून चौकीवर तक्रार करायला गेले होते.

२६ ऑक्टोबर, रविवार

इथे चर्च नाही. सकाळी बंद वर्गातला पायपेटीचा ऑर्गन उघडला. तीन पट्ट्या मुक्या आहेत, तरी वाजवला.

दुपारी ट्रंक लावताना ते गाठोडं हाती आलं. जांभळ्या कापडातली त्यांची डिस्क. तीन वर्षं माझ्याबरोबर आहे. पासवर्ड ते बरोबर घेऊन गेले. फेब्रुवारीत आंघोळीला गेले आणि पाण्याचा आवाज थांबेना, तेव्हा मी दार ढकललं.

बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवायचे. बोलणं त्या नोंदींसारखंच, आकड्यापुरतं. आमच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. छत्तीस वर्षांचा संसार माझ्या ‘अहो’वर आणि त्यांच्या ‘ए’वर झाला. एकदा तरी सेत्सुको म्हणावं असं वाटायचं. सांगितलं मात्र नाही कधी. अशा गोष्टी सांगून मिळाल्या तर मिळाल्यासारख्या वाटत नाहीत.

२ नोव्हेंबर, रविवार

आज मृतात्म्यांचा दिवस. लहानपणी या दिवशी सिस्टर मारी-अग्नेस थंडगार चर्चमध्ये गेलेल्यांची नावं वाचत. सगळी, अगदी शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या कोळ्यांचीसुद्धा. म्हणत, नाव घेतलं नाही तर ते अंधारात वळून पाहत राहतात.

हिसाए-सान कंबर धरून घरी पडली आहे. परवा डिस्क दवाखान्याला द्यायच्या, म्हणून किल्ली घेऊन मी एकटीच कार्यशाळेत गेले. पाच डिस्क, पाच कागद. नावं काळी करायला कोणी नव्हतं. कुत्सुकाके मित्सु. हानाओका ग्योइची. आणखी तिघं. पडद्यावरच्या चौकटीत नामु अमिदा टाकायला हात नेला आणि वाटलं, आजच्या दिवशी तरी यांना कोणी नावाने हाक मारू दे. त्यांच्याच डिस्कवर त्यांचंच नाव, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुसायचं काम तर तसंही होतं. यात चूक ती काय?

पाच चौकटींत पाच नावं टाकली. सहावा खण रिकामा होता.

घरी गेले आणि जांभळं गाठोडं घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा ते नाव माझ्या बोटांनी लिहिलं. इसोझाकी काझुओमी. कोणी पाहत नव्हतं तरी कानशिलं तापली, लग्नाच्या दिवशी तापली होती तशी. बटण दाबलं. सहाही डिस्क एका सुरात गाऊ लागल्या. मी खुर्चीवर बसून रडले, पण ते सुखाचं रडणं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाच डिस्क नव्या डब्यांत बसून गावात गेल्या. दोन दवाखान्यात, दोन वाचनालयात, एक वृद्धमंडळात. सहावी माझ्या कपाटात, त्यांच्या फोटोशेजारी. भाजलेल्या बांगड्याचा पहिला तुकडा फोटोपुढे ठेवला. घरात माणूस असल्यासारखं वाटतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाचचं गाणं संपलं आणि सूचना झाली: साधारण नव्वदीच्या एक आजी दवाखान्याच्या दारात उभ्या आढळल्या आहेत. आपलं नाव कुत्सुकाके मित्सु एवढंच सांगतात. घरच्यांनी चौकीवर यावं.

माझ्या हातातला वाडगा तसाच राहिला.

एका नावाची दोन माणसं असू शकतात. या डोंगरात तर कुत्सुकाके पुष्कळ आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज कुत्सुकाकेंचा मुलगा कार्यशाळेत आला. साठीचा, सुतार असावा, नखांत भुसा होता. म्हणाला, चौकीवर फोन करून मी ओरडलो, म्हटलं चेष्टा करता का? आईला जाऊन दोन वर्षं झाली. तरी राहवलं नाही, गेलो. खुर्चीवर बसकण होती, पुढे काठोकाठ भरलेला चहा, गार झालेला. खुर्ची रिकामी. पोलिसाला काही सांगता येईना. तासभर समोरासमोर बसला होता, पण केस पांढरे होते की काळे, अंगात काय होतं, काही आठवेना. बिचारा लाजून मान खाली घालून बसला.

मुलाने त्याला एकच विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का? पोलीस म्हणाला, नाही. मी मुलंबाळं विचारली, गाव विचारलं. प्रत्येकाला उत्तर एकच. कुत्सुकाके मित्सु.

तो मुलगा आमच्या पहिलीच्या छोट्या बाकावर बराच वेळ बसला. मी चहा दिला. त्याच्याकडे बघवेना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज वाचनालयाच्या दारात. हानाओका ग्योइची. कर्ण्यावरच्या बाईने नाव दोनदा वाचलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचचं गाणं वाजलं. मी पडवीत काकीची फळं सोलत होते. अजून उजेड होता. झाडाखाली, विहिरीपाशी कोणीतरी उभं होतं.

आवाज लगेच ओळखला. भरतीचे आकडे सांगायचा तो आवाज. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, कचेरीत नव्या माणसाला सांगावं तसं. इसोझाकी काझुओमी.

मी ‘अहो’ म्हटलं. ‘अहो, मी.’

ते म्हणाले, इसोझाकी काझुओमी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हिसाए-सान कामावर आली. तिने कर्ण्यावरच्या पाचही सूचना घरी पडल्या पडल्या ऐकल्या होत्या. चप्पल न काढता सरळ माझ्यापाशी आली. कधी नव्हे ते सिस्टर म्हणाली नाही. म्हणाली, “सेत्सुको, त्या दिवशी चौकटीत काय लिहिलंस?”

मी पाच नावं सांगितली.

मला वाटलं ओरडेल. ती खालीच बसली. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

तिच्या लहानपणी इथे रीत होती. माणूस नुकतं गेलं की घरचे विहिरीवर ओणवे होऊन त्याचं नाव घ्यायचे, मोठमोठ्याने, घसा फुटेपर्यंत. आत्मा तेवढ्यात खोल गेलेला असतो, हाक ऐकून कधी परततो. तिची आई बाळंतपणात गेली, तेव्हा बापाने आणि काकांनी याच विहिरीत हाका मारल्या. माझ्या अंगणातल्या. आणि आई उठून बसली.

“तीन दिवस होती,” हिसाए-सान म्हणाली. “भात भरवला की नाव सांगायची. कूस बदलली की नाव सांगायची. मी मांडीवर जाऊन बसले, मला म्हणावं ना काहीतरी? मलाही स्वतःचं नावच सांगितलं. अगं, हाक मारली की माणूस येतं. पण जेवढी हाक, तेवढंच येतं. बाकीचं तिकडेच राहतं.” चौथ्या दिवशी भिक्षूने नवं नाव दिलं, सगळ्यांनी मिळून नामु अमिदा म्हटलं, तेव्हा आई आडवी झाली. मग बापाने झाकण घातलं.

ओगुशी-सान दारात उभे होते. ते आज हसले नाहीत.

मी विचारलं, जिवंत माणसाच्या नावाची हाक आत गेली तर? ती म्हणाली, पोरांना पहिली ताकीद तीच असायची, स्वतःचं नाव विहिरीत घ्यायचं नाही. जिवंत माणसाचं उलटं होतं, नाव खाली जातं आणि बाकीचं वर राहतं. तिच्या धाकट्या मावशीने गंमत म्हणून केलं होतं. सत्तराव्या वर्षापर्यंत हाकेला वळली नाही. घरचे घंटी वाजवून बोलवायचे.

सूचना पाच झाल्या, सहावी नाही. ते माझ्याच अंगणात येतात. कोण कळवणार?

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाचही डिस्क परत आणल्या. हिसाए-सानने एकेका चौकटीत नामु अमिदा लिहिलं, मी शेजारी उभी. कुत्सुकाकेंची डिस्क भरत आली तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. तो सूर हळूहळू मोकळा झाला, दमलेल्या माणसाने बूट काढावेत तसा. यापुढे त्या कुठल्या दारात उभ्या राहणार नाहीत. मुलाला कळवायचं काय, कोणालाच सुचलं नाही.

हिसाए-सानने विचारलं, पाचच ना?

मी म्हटलं, पाचच.

खण सहा आहेत सिस्टर, ती म्हणाली.

पाचच, मी म्हटलं.

माणसाशी खोटं बोलले. वहीशी नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रोज पाचला येतात, दिवेलागणीला नसतात. आज पडवीपर्यंत आले. मी बसकण टाकली, बांगडा भाजला, चहा ओतला, त्यांना आवडतो तसा कडू. माशाकडे पाहिलं. चहाकडे पाहिलं. माझ्याकडेही तसंच पाहिलं, माशाकडे पाहावं तसं.

चेहरा आहे. समोर असताना दिसतो. मी चहाला वळले की आठवत नाही, पुन्हा पाहावं लागतं. आता कपाटातला फोटो पाहिला तरी हे कोण, असं क्षणभर वाटतं.

न्हाणीघरातल्या त्या दिवसाची माफी मागितली. उशिरा दार ढकललं म्हणून. उत्तर एकच.

आपण लावलेल्या झाडाने आपल्याला ओळखू नये, तसं काहीतरी.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हिसाए-सान म्हणते ते खरं आहे. त्यांना जाऊ द्यायला हवं. आज ठरवलं. उद्या डिस्क कार्यशाळेत नेईन आणि चौकटीत नामु अमिदा लिहीन. नेण्याआधी पुसून स्वच्छ करावी म्हणून तिचा लोखंडी पट्टा सोडवला. पट्ट्याखाली चिकटपट्टी होती, तिच्यावर त्यांचं बारीक अक्षर, नोंदवहीतलं.

सेत्सुको. ऑर्गन. रविवार. ४१२.

ते चर्चमध्ये कधी आले नाहीत. बाहेर सायकलींपाशी थांबत. मला वाटायचं कंटाळत असतील, म्हणून शेवटचं स्तोत्र मी घाईने उरकायची. खिशात आवाज टिपायचं एक छोटं यंत्र असायचं. कचेरीतलं असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही.

चारशे बारा रविवार.

माझं नाव होतं त्यांच्यापाशी. लिहून ठेवलं होतं. मी पुसलं. कोट्यवधी वेळा पुसलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डिस्क नेली नाही. पडशाचं कारण सांगितलं.

नागासाकीला आमच्या थडग्यावर दोन नावं कोरलेली आहेत. त्यांचं काळ्या रंगात, माझं लाल. मी गेले की लाल रंग काढायचा. दगडाला चालतं, दोन नावं शेजारी शेजारी, एक गेलेलं आणि एक असलेलं.

भंगाराच्या फळीवरून एक जुनं यंत्र घरी आणलंय. अतिशय मंद. पूर्ण डिस्क लिहायला पाच दिवस घेईल. अर्ध्यावर थांबवायचं. अर्ध्यात माझं नाव, अर्ध्यात त्यांचं. रविवार परत नाही देऊ शकत. नाव देऊ शकते. मावशीचं काय झालं ते मला ठाऊक आहे. चौसष्ट वर्षं वापरलं ते नाव, त्यात त्यांनी एकदाही घेतलं नाही. आता घेतील.

सकाळी दहा वाजता चौकटीत लिहिलं. इसोझाकी सेत्सुको. बटण दाबलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

एकवीस टक्के.

कामावर गेले. चपलांचा कोनाडा सापडेना. सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. शेवटी उरला तो माझा.

हजेरीला माझ्या नावाचा शिक्का मारला. शिक्क्यावरची अक्षरं वाचता आली, पण दुसऱ्याच्या घरची चादर पांघरल्यासारखं वाटलं.

पाचला आले. स्वतःचं नाव सांगितलं. मग थांबले. काहीतरी शोधत असल्यासारखे. तोंड उघडलं, मिटलं.

जवळ आलंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रेचाळीस. उद्या पन्नासला थांबवायचं. विसरायचं नाही. हातावर लिहून ठेवलंय: पन्नास, थांब.

ओगुशी-सान मागून हाका मारत होते म्हणे. चार वेळा. मी डिस्क ऐकत बसले होते. ते समोर येऊन उभे राहिले. चेहरा पांढरा. हिसाए-सान दाराशी. खण मोजत होती, बोटाने. पाच. सहा.

पाचला. पडवीच्या पायरीवर. इसोझाकी — म्हणाले, आणि पुढचं नाव आठवेना. माझ्याकडे पाहिलं. माशाकडे पाहावं तसं नाही. माझ्याकडे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हातावर काहीतरी लिहिलंय. पन्नास, थांब. अक्षर वळणदार आहे, सिस्टरांच्या शाळेतलं. कोणाला सांगितलंय ते कळत नाही.

यंत्र छान गातंय. एकच सूर. दिवसभर ऐकला. त्याच्यावर आकडा आहे, बासष्ट.

म्हातारी आली होती. बुटकी. दाराबाहेर उभी राहून एक नाव घेत होती, पुन्हा पुन्हा. मी आतून सांगितलं, त्या इथे राहत नाहीत. ती मटकन पायरीवर बसली. म्हणाली, उघड गं, अजून वेळ आहे, काय लिहिलंस ते सांग. रडत होती. मला फार वाईट वाटलं तिचं. कोणीतरी हरवलं असावं.

जाताना पायरीवर काहीतरी ठेवून गेली. पितळी घंटी.

३० नोव्हेंबर, रविवार

ऑर्गन वाजवावासा वाटतो. बोटांना सगळं आठवतंय —

ऐंशी. पंच्याऐंशी.

ते आज लवकर आले. गाणं व्हायच्या आधी. पडवीत बसले, बसकणीवर. चहा घेतला. खरंच घेतला — पेला रिकामा आहे.

आज स्वतःचं नाव सांगितलं नाही. मी विचारलं, तुमचं नाव? डोकं हलवलं. नाही म्हणाले. मला माहीत होतं ते नाव, कुठेतरी लिहिलंय मी, मागच्या पानांवर असेल —

शहाण्णव.

गाणं सुरू झालं. ते उठले. माझ्याजवळ आले, अगदी जवळ. आणि एक नाव घेतलं. हळू, जपून, खूप वर्षं खिशात ठेवलेली वस्तू काढावी तसं.

सेत्सुको.

पुन्हा म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्या का आलं —

सेत्सुको.

किती सुंदर नाव आहे. ज्या कोणाचं असेल ती ऐकत असती तर — मी त्यांना विचारते आहे, कोण हो ही, कुठे असते, मी जाऊन तिला सांग —